जास्त फिरता? मग मोठा घ्या : १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो

लॅपटॉप घ्यायची वेळ आली की बहुतेकांचा हिशेब ठरलेला असतो. फिरती असेल तर लहान घ्यायचा, एका जागी बसून काम असेल तर मोठा. मी दोन्ही आकार रोज जवळून पाहते आणि माझं मत बरोबर याच्या उलट बनलं आहे. ज्याच्या टेबलावर चांगला मॉनिटर आहे त्याने १४ इंची घ्यावा. ज्याला ठरलेलं टेबलच नाही, जिथे मुक्काम पडेल तिथे बसून तासन् तास काम उरकावं लागतं, त्याने १६ इंची घ्यावा.

मी माहितीपटांचं संकलन करते. चित्रीकरण चालू असतं तेव्हा युनिटबरोबरच असते. संध्याकाळी कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करायची, रशेस म्हणजे दिवसभराचं कच्चं चित्रीकरण लावायचं, आवाज जुळवायचा आणि दुसऱ्या दिवशीचं चित्रीकरण सुरू व्हायच्या आत दिग्दर्शकाला कच्चा कट दाखवायचा, असं हे काम. माझ्याकडे १६ इंची मॅकबुक प्रो आहे, माझ्या सहायकाकडे १४ इंची. दोन्ही २०२४ सालच्या पिढीतले. दोन्हींत एम४ प्रो चिप, तीही १४ कोअर सीपीयू आणि २० कोअर जीपीयूवाली. मेमरी दोन्हींत ४८ जीबी. आकार सोडला तर आत डावंउजवं काही नाही, म्हणून तुलना करायला ही जोडी चांगली. एकाच प्रोजेक्टवर, पुष्कळदा एकाच खोलीत दोन्ही यंत्रं चालतात, त्यामुळे कोणतं कुठे अडतं ते समोरच दिसतं.

आधी वजन, कारण सगळे तेच आधी विचारतात. १४ इंची १.६० किलोचा, १६ इंची २.१४ किलोचा. फरक ५४० ग्रॅम. खांद्यावर तो जाणवतो, जिने चढताना तर नक्कीच. पण माझ्या बॅगेत लॅपटॉपशिवाय दोन-तीन एसएसडी, हेडफोन, चार्जर, केबलींचा गुंता आणि पाण्याची बाटली असते. त्या सगळ्याच्या ओझ्यात अर्धा किलो हा निर्णायक भाग नाही. ज्याला दिवसभर बॅग पाठीवर घेऊन हिंडायचं असतं आणि लॅपटॉप मधूनच पंधरा मिनिटं उघडायचा असतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याने १४ इंची, किंवा काम हलकं असेल तर १.२४ किलोचा १३ इंची एअर घ्यावा आणि सुखी राहावं.

वजनापेक्षा मला लांबी-रुंदी जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. १४ इंचीची रुंदी ३१.२६ सेंटिमीटर, १६ इंचीची ३५.५७. पुढून मागची खोली अनुक्रमे २२.१२ आणि २४.८१. सव्वाचार सेंटिमीटर रुंदी वाढली की जुन्या बॅगेचा लॅपटॉपचा कप्पा नेमका तिथेच आखूड पडतो, चेन कोपऱ्यावर अडते. विमानातल्या ट्रेवर खरी अडचण रुंदीची नसते, खोलीची असते. समोरच्याने सीट मागे केली की १६ इंचीचं झाकण पुरेसं मागे जात नाही, स्क्रीन छातीकडे तोंड करून उभी राहते आणि मान वाकवून बघावं लागतं. १४ इंची तिथे मावतो. गाडीच्या मागच्या सीटवर, दोन माणसांच्या मध्ये बसून काम करायचं असेल तरीही तोच बरा, कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जात नाही.

इथेच मला दोन प्रकारची फिरती वेगळी करावीशी वाटते. प्रवास चालू असताना काम करणं निराळं आणि प्रवास करून पोहोचल्यावर काम करणं निराळं. पहिल्या प्रकारात १४ इंचीला तोड नाही. पण माझ्यासारख्यांची फिरती दुसऱ्या प्रकारची असते. गाडीत मी झोपते किंवा नोंदी वाचते. काम सुरू होतं ते मुक्कामाच्या खोलीत, मिळेल त्या टेबलावर, कधी पलंगावर उशी ठेवून. तिथे मॉनिटर नसतो. लॅपटॉपची स्क्रीन हीच सगळी जागा. ती जागा किती, यावर रात्रीचं काम कधी संपणार ते ठरतं.

दोन्ही स्क्रीनची घनता अगदी सारखी आहे, इंचाला २५४ पिक्सेल. १४ इंचीवर ३०२४ × १९६४ पिक्सेल, १६ इंचीवर ३४५६ × २२३४. म्हणजे मोठ्या स्क्रीनवर अक्षरं मोठी दिसत नाहीत, तेवढीच दिसतात. फक्त जास्त मावतं. मूळ सेटिंगवर १४ इंचीत १५१२ × ९८२ एवढं कामाचं क्षेत्र मिळतं आणि १६ इंचीत १७२८ × १११७. गुणाकार केला तर मोठ्यावर ३० टक्के जागा जास्त भरते. कागदावर हा आकडा लहान वाटेल. डाव्हिंची रिझॉल्व्ह हे संकलनाचं सॉफ्टवेअर उघडल्यावर तो लहान राहत नाही. डावीकडे क्लिपांचा साठा, मध्ये चित्र, उजवीकडे इन्स्पेक्टर म्हणजे क्लिपच्या सेटिंगची खिडकी, खाली टाइमलाइन. मुलाखतीचा प्रसंग असेल तर दोन कॅमेऱ्यांचे ट्रॅक, वर जोडदृश्यं, त्यावर शीर्षकं. आवाजाचे बोलणाऱ्यांचे ट्रॅक वेगळे, वातावरणाचा वेगळा, संगीताचा वेगळा. १६ इंचीवर हे सगळं उघडं ठेवून चित्र अजून नीट बघता येतं. १४ इंचीवर काहीतरी मिटावं लागतं. माझा सहायक इन्स्पेक्टर सारखा उघडतो आणि मिटतो. एकेकदा बघितलं तर ते काहीच नाही, पण संकलनात लय लागलेली असताना असा प्रत्येक थांबा लय मोडतो.

यावर उपाय म्हणून स्क्रीनच्या सेटिंगमध्ये 'जास्त जागा' हा पर्याय सुचवला जातो. त्याने १४ इंचीवर १८०० × ११६९ एवढं क्षेत्र मिळतं, म्हणजे १६ इंचीच्या मूळ क्षेत्रापेक्षाही थोडं जास्त. पण काचेचा आकार तोच असल्यामुळे प्रत्येक गोष्ट सुमारे १६ टक्के लहान होते. इंग्रजी मेन्यू तरीही वाचता येतात. मराठी सबटायटल तपासताना मात्र हाल होतात. आपल्या लिपीत अर्थ ठरवणाऱ्या खुणा ओळीच्या वर आणि खाली असतात. अनुस्वार आहे की नाही, वेलांटी पहिली की दुसरी, रफार नेमका कुठल्या अक्षरावर, हे सबटायटलच्या यादीतल्या बारीक अक्षरांत मध्यरात्री दिसेनासं होतं. एक टिंब राहिलं की एकवचन-अनेकवचन बदलतं, आणि ती चूक पुढे पडद्यावर सगळ्यांना दिसते. ज्यांचं काम देवनागरी मजकुरावर चालतं, मग ते संपादक असोत, मुद्रितशोधक असोत की भाषांतरकार, त्यांनी 'जास्त जागा' या पर्यायावर विसंबून १४ इंची घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

दुसरा उपाय म्हणजे आयपॅड शेजारी लावून त्याची जोडस्क्रीन करणं. त्यासाठीची ॲपलची साइडकार ही सोय चालते छान, त्याबद्दल तक्रार नाही. पण ११ इंची आयपॅड एअरच साधारण ४६० ग्रॅमचा असतो. त्याला उभं करायला कव्हर लागतं, वर एक केबल. लहान लॅपटॉप घेऊन वाचवलेले ५४० ग्रॅम इथे पुरते खर्ची पडतात, शिवाय सांभाळायच्या वस्तू वाढतात. आयपॅड तुमच्याकडे आधीच असेल आणि तो दुसऱ्या कामासाठी न्यायचाच असेल, तरच हा मार्ग मला पटतो.

आता कामगिरी. चिप एकच, म्हणून वेगही एकच, हे थोड्या वेळाच्या कामांपुरतं खरं आहे. प्रोजेक्ट उघडणं, टाइमलाइनवर मागेपुढे फिरणं, दोन-तीन मिनिटांचा तुकडा एक्स्पोर्ट करणं यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. फरक पडतो तो काम लांबल्यावर. चिप जेवढी वीज खाते तेवढी उष्णता बाहेर काढावीच लागते. मोठ्या खोक्यात पंखे मोठे, हवेला वाट मोठी आणि उष्णता पसरायला धातूही जास्त. लहान खोक्यात तेवढीच उष्णता काढायची तर पंख्यांना जास्त वेगाने फिरावं लागतं. म्हणून आवाज आधी येतो, मोठा येतो आणि त्याची पट्टीही चढी असते. पूर्ण लांबीच्या माहितीपटाला नॉइज रिडक्शन लावून रेंडर करायला ठेवलं की १४ इंचीचा पंखा खोलीभर ऐकू येतो, १६ इंचीचा जवळ गेल्यावर. एम४ प्रोच्या बाबतीत वेगातली घट मला त्रासदायक वाटली नाही. पंख्याचा आवाज मात्र वाटतो, कारण आम्ही कच्च्या कटासाठी निवेदन त्याच खोलीत ध्वनिमुद्रित करतो आणि तेव्हा १४ इंचीवरचं रेंडर थांबवावं लागतं.

एम४ प्रोच्या वरची एम४ मॅक्स चिप घ्यायची असेल तर मात्र माझं मत ठाम आहे. ती १६ इंचीतच घ्या. ती चिप जास्त वीज ओढते आणि १४ इंचीच्या खोक्यात तिची ताकद फार वेळ टिकून राहणं अवघड जातं. बॅटरीही भराभर उतरते. मॅक्समध्ये व्हिडिओ एन्कोड करणारी आणि प्रोरेस हा ॲपलचा व्हिडिओ प्रकार हाताळणारी इंजिनं दोन-दोन असतात, प्रोमध्ये एकेक. लांबलांब फायली रोज बाहेर काढणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. पण अशा कामासाठीच तर थंड राहणारं खोकं लागतं.

विंडोज लॅपटॉप बघणाऱ्यांसाठी हा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. तिथे ग्राफिक्स कार्डाचं नाव सारखं असूनही आतली ताकद वेगळी असू शकते. एनव्हिडियाचं लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते. बारीक १४ इंचीत ते कमी वॅटवर बसवलेलं असतं, जाडजूड १६ इंचीत जास्त. खोक्यावर नाव तेच, स्टिकर तेच. म्हणून कार्डाचं नाव विचारून थांबू नका, किती वॅटवर चालतं ते विचारा. कंपनीच्या तपशीलपत्रात ते बहुधा सापडतं. स्क्रीनच्या घनतेचंही तसंच. ॲपलने दोन्ही आकारांत घनता सारखी ठेवली आहे, इतरांकडे तशी असेलच असं नाही. २०२४ च्या आसुस झेफायरस जी१४ वर २८८० × १८०० पिक्सेल आहेत आणि मोठ्या जी१६ वर २५६० × १६००. म्हणजे तिथे लहान स्क्रीनच जास्त रेखीव. शिवाय कित्येक १६ इंची विंडोज लॅपटॉपमध्ये की-बोर्डवर उजवीकडे अंकांच्या कळांचा वेगळा गट असतो. हिशेब ठेवणाऱ्याला तो हवाच, पण टाइप करताना हात डावीकडे सरकतात आणि स्क्रीनचा मध्य उजवीकडे राहतो. मला ते दिवसभर सोसवत नाही. आणि मोठा म्हणजे जड हेही सगळीकडे खरं नाही. एलजी ग्राम १६ साधारण १.२ किलोचा असतो, म्हणजे १४ इंची मॅकबुक प्रोपेक्षा हलका. तो हलका आहे कारण त्यातला प्रोसेसर आणि थंड ठेवायची व्यवस्था दोन्ही बेताची आहेत. लेखन, वाचन, तक्ते यांसाठी तो मला फार आवडला असता, रंगसंस्कारासाठी मी तो घेणार नाही.

बॅटरीबाबत एक गंमतशीर हिशेब आहे. १४ इंचीत ७२.४ वॅट-अवरची बॅटरी, १६ इंचीत १०० वॅट-अवरची. जवळपास ३८ टक्के जास्त. तरीही एम४ प्रोसाठी ॲपल सांगते ते व्हिडिओ बघण्याचे तास अनुक्रमे २२ आणि २४. वाढलेल्या बॅटरीचा मोठा वाटा मोठी स्क्रीनच पिऊन टाकते. हे वाचून कोणाला वाटेल की मोठ्याचा फायदा नाममात्र. पण ते हलक्या कामापुरतं. चिप जोरात चालू असते तेव्हा विजेचा मुख्य खर्च चिपचा असतो, स्क्रीनचा वाटा त्यापुढे लहान होतो आणि बॅटरीतला फरक पुरेपूर कामी येतो. वीज गेलेल्या ठिकाणी प्रॉक्सी फायली, म्हणजे संकलनासाठीच्या हलक्या प्रती, बनवत असताना माझा १६ इंची सहायकाच्या १४ इंचीपेक्षा बराच वेळ टिकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. १०० वॅट-अवर हा आकडाही उगाच आलेला नाही. विमान कंपनीची वेगळी परवानगी न काढता सोबत नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा तेवढीच असते. म्हणजे नेहमीच्या प्रवासात यापेक्षा मोठी बॅटरी लॅपटॉपमध्ये मिळणं कठीण.

चार्जरमध्ये मात्र लहान यंत्र पुढे आहे. १६ इंचीबरोबर १४० वॅटचा ठोकळा येतो, आमच्या चिपच्या १४ इंचीबरोबर ९६ वॅटचा. दोन्ही यूएसबी-सीवरही चार्ज होतात, त्यामुळे चार्जर विसरला तर दुसऱ्याचा चालतो. पण साध्या ६५ वॅटच्या चार्जरवर १६ इंची लावून जड रेंडर सुरू केलं तर चार्जर लावलेला असूनही बॅटरी खाली जाऊ शकते. रात्रभर चार्जिंगला ठेवायचा असेल तर त्याने भागतं.

बाकी गोष्टी झटपट सांगते, कारण तिथे निवडण्यासारखं फारसं नाही. पोर्ट दोन्हींत तेच : तीन थंडरबोल्ट, एचडीएमआय, एसडी कार्डाची खाच, हेडफोन, मॅगसेफ. की-बोर्डच्या कळांचा आकारही तोच. १६ इंचीचा ट्रॅकपॅड मोठा आहे आणि तळवे टेकायला दोन्ही बाजूंना जास्त जागा आहे. स्पीकर दोन्हींत सहा, मोठ्याचा खर्ज भरीव. पण आवाजाचा निर्णय हेडफोनवरच घ्यावा.

मग १४ इंची कोणाचा? माझ्या सहायकाचा, आणि तो त्याच्यासाठी अगदी योग्य आहे. संकलनाच्या खोलीत त्याच्यासमोर २७ इंची फोरके मॉनिटर आहे, शेजारी आणखी एक. एम४ प्रोला बाहेरच्या दोन स्क्रीन चालतात. लॅपटॉप मिटून बाजूला ठेवलेला असतो, की-बोर्ड आणि माउस वेगळे, मान सरळ. तिथे १६ इंचीची मोठी काच मिटूनच पडली असती. संध्याकाळी तो एक केबल काढतो आणि निघतो. चित्रीकरणाच्या जागी तो अधूनमधून येतो, बहुधा कार्डं उतरवायला आणि आवाज जुळवायला, आणि ती कामं १४ इंचीवर सहज होतात. रंगाचा किंवा मजकुराचा प्रश्न आला की म्हणतो, "ताई, जरा तुमच्या स्क्रीनवर बघू या का?" आणि खुर्ची ओढून माझ्याकडे येतो. उलट दिग्दर्शकाला उभ्या उभ्या, दोन शॉटांच्या मध्ये एखादा तुकडा दाखवायचा असला की मीच त्याला सांगते, "तुझा दे." एका हातावर तोलून दाखवायला १.६ किलो जमतो, २.१४ जमत नाही.

घेण्याआधी करण्यासारखं एक काम आहे. पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, एक ३१.२६ × २२.१२ सेंटिमीटरचा आणि दुसरा ३५.५७ × २४.८१ चा. ते तुमच्या बॅगेत घालून बघा, तुम्ही जिथे बसून काम करता त्या टेबलावर वही, माउस आणि चहाच्या कपासोबत ठेवून बघा. मग तुमचा नेहमीचा सगळ्यात जड प्रोजेक्ट एसएसडीवर घेऊन जा, शक्य असेल तर दोन्ही यंत्रांवर उघडा आणि अर्धा तास सलग एक्स्पोर्ट चालू द्या. पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही सारखेच वाटतील. शेवटच्या दहा मिनिटांत हात लावून आणि कान देऊन बघा.

पैसे मर्यादित असतील आणि १६ इंचीसाठी २४ जीबी मेमरीवर थांबावं लागत असेल, तर मी १४ इंची घेऊन मेमरी ४८ जीबी करेन. या यंत्रांत मेमरी नंतर वाढवता येत नाही. स्क्रीनची कसर पुढे कधी मॉनिटर घेऊन भरून काढता येते. उघड्यावर काम असेल तर चकाकी कमी करणाऱ्या नॅनो-टेक्स्चर काचेचा पर्यायही लॅपटॉप विकत घेतानाच घ्यावा लागतो. तो दोन्ही आकारांत मिळतो, आणि खिडकीसमोर किंवा झाडाखाली बसून कट दाखवताना स्क्रीनवर स्वतःचं तोंड दिसायचं थांबतं.